व्ह्यूमध्ये टाकलेली ओळ जाते कुठे? 'चेक ऑप्शन'ची पार्श्वभूमी

हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंगमधलं कापूस आवकीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. मागच्या हंगामात तिथं एकच गाडी तीनदा चढली. दिवाणजींचं म्हणणं सरळ होतं: "भाऊ, टाकतो तं सेव्ह झालं म्हणते, अन् यादी पाहतो तं गाडीच नाही. मंग पुन्हा टाकली." त्यांच्यापुढचा फॉर्म टेबलाला, म्हणजे डेटाबेसमधल्या मूळ वहीला, जोडलेला नव्हता; तो व्ह्यूला, म्हणजे त्या वहीतल्या अटीत बसणाऱ्या ओळीच दाखवणाऱ्या खिडकीला, जोडलेला होता. व्ह्यूची अट: ओलावा १२ किंवा त्याहून कमी. (हमीभावाच्या खरेदीत ८ ते १२ टक्के चालतो, त्यावर गेला की गाडी परत.) त्या दिवशी ओलावा मोजायच्या मशीनचा सेल उतरला होता, म्हणून तो रकाना कोरा राहिला. कोरा म्हणजे नल, आणि नल १२ पेक्षा कमी आहे का, याला एसक्यूएलचं (डेटाबेसशी बोलायच्या भाषेचं) उत्तर 'माहीत नाही'. ओळ टेबलात पडली, व्ह्यूला दिसली नाही. चुकाऱ्याची यादी मात्र थेट टेबलावरून निघायची, तिथं तीन गाड्या.

चूक माझीच, पण तिची मुळं जुनी आहेत. १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं गेलं. त्याच्या जनकाने १९८५ मध्ये जे नियम दिले, त्यातला सहावा सांगतो की ज्या व्ह्यूतून माहिती तत्त्वतः बदलता येते, त्यातून ती सिस्टिमलाही बदलता आली पाहिजे. 'तत्त्वतः' या शब्दातच सगळी गोम आहे. कोणत्या व्ह्यूतून माहिती बदलता येते हे ठरवायचा सर्वसाधारण मार्ग कोणाला सापडला नाही, म्हणून एसक्यूएलच्या १९९२ च्या स्टँडर्डने सोपी हद्द आखली: एकच टेबल, ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणं) नाही, डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच दाखवणं) नाही. जॉइनसाठी, म्हणजे टेबलं जोडून केलेल्या व्ह्यूंसाठी, ती १९९९ मध्ये सैल झाली. प्रत्यक्षात ज्याने त्याने आपापलं केलं. एसक्यूलाइट हा डेटाबेस आजही व्ह्यूत थेट लिहू देत नाही, त्यासाठी ट्रिगर (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहावा लागतो.

खरा वादाचा निर्णय वेगळाच आहे. व्ह्यूतून अशी ओळ टाकू द्यायची का, जी त्याच व्ह्यूला दिसणार नाही? ती अडवायची तर 'विथ चेक ऑप्शन' लिहायचं, आणि नाही लिहिलं तर जाऊ द्यायचं, असं ठरलं. म्हणजे ढिलाई आपोआप मिळते, शिस्त मागून घ्यावी लागते. माझ्या मते हे उलटं हवं होतं. ज्या दारातून माल आत गेला, त्याच दारातून तो दिसत नसेल तर दिवाणजी काय करणार?

पुढे व्ह्यूवर व्ह्यू रचले जाऊ लागले, तेव्हा 'लोकल' आणि 'कॅस्केडेड' हे दोन शब्द आले. कॅस्केडेड म्हणजे खालच्या सगळ्या व्ह्यूंच्या अटी तपासायच्या. काहीच लिहिलं नाही तर हाच अर्थ धरतात. लोकलमध्ये स्वतःची अट तपासायची, आणि खालच्या व्ह्यूची तेव्हाच, जेव्हा त्यानेही चेक ऑप्शन लावलेला असेल. हे दुसरं अर्धवाक्य बरेच जण विसरतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्येही आधी लोकल फक्त स्वतःपुरतं पाहायचं, ५.७ या आवृत्तीत ते खाली उतरायला लागलं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये साध्या व्ह्यूंतून आपोआप लिहिता येऊ लागलं ते ९.३ मध्ये, २०१३ साली, आणि त्यांच्यासाठी चेक ऑप्शन आला ९.४ मध्ये, २०१४ च्या डिसेंबरात. सव्वा वर्ष दार उघडं, चौकीदार नाही.

नलचं तर आणखी चमत्कारिक. 'ओलावा १२ किंवा कमी' हीच अट टेबलावर चेक (टेबलाची स्वतःची तपासणी) म्हणून लावा, कोरा रकाना बिनबोभाट आत जातो, कारण तिथं अट खोटी ठरली तरच अडवतात. तीच अट व्ह्यूवर चेक ऑप्शनसह लावा, कोरा रकाना बाहेर, कारण इथं ती खरी ठरावीच लागते. अक्षरं तीच, निकाल उलटा. मायएसक्यूएल तर २०१९ पर्यंत टेबलावरचा चेक वाचायचं आणि सोडून द्यायचं. त्यामुळे कित्येकांनी चेक ऑप्शनवाला व्ह्यूच पहारेकरी म्हणून वापरला.

'सिलेक्ट स्टार'चा, म्हणजे व्ह्यूत 'सगळे रकाने दाखव' असं लिहिण्याचा, घोळही याच कुळातला. पोस्टग्रेस व्ह्यू बनवतानाच रकाने गोठवतं, एसक्यूलाइट नवा रकाना पुढे आपोआप दाखवतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये टेबलातला एक रकाना काढून दुसरा जोडला आणि व्ह्यू रिफ्रेश केला नाही, तर एकाच्या मथळ्याखाली दुसऱ्याचे आकडे येऊ शकतात. ओलाव्याखाली वजन छापलेली काटापावती डोळ्यांपुढे आणा!

आमच्याकडे त्या प्रसंगानंतर मी चेक ऑप्शन लावला. आता कोरा रकाना चालत नाही. मशीनचा सेल अजूनही अधूनमधून उतरतो, आणि त्या दिवशीच्या सगळ्या गाड्यांचा ओलावा बरोब्बर १२ भरतो.