आकडा वाढला, पण पेशींच्या अंगावर काय चाललंय?

पावसाळा लागला की मुंबईत गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये तापवाल्यांची रांग, मलेरिया असो, डेंगी असो की लेप्टो, सीबीसी काढायचाच, आणि रिपोर्ट हातात आला की सगळे आधी पांढऱ्या पेशींचा आकडा बघणार. बघावाच, पण त्यावरून पेशी किती आहेत तेवढंच कळतं, त्या कुठल्या तयारीत आहेत ते नाही. ती तयारी दिसते त्यांच्या अंगावरच्या रिसेप्टरांवरून, म्हणजे निरोप घेणाऱ्या किंवा कशाला तरी चिकटणाऱ्या प्रोटीनवरून, आणि हे रिसेप्टर सायटोकाइन नावाच्या रेणूंच्या निरोपावर सारखे कमीजास्त होत असतात.

न्यूट्रोफिलच घ्या, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. त्याच्या अंगावर एल-सिलेक्टिन नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या जोरावर तो रक्तवाहिनीच्या भिंतीला हलकासा चिकटत घरंगळत जातो, दादरला उतरायचंय म्हणून आधीपासूनच दाराकडे सरकणाऱ्या माणसासारखा. मग टीएनएफ किंवा आयएल-८ या सायटोकाइनचा निरोप आला की काही मिनिटांत एडॅम-१७ नावाचं एन्झाइम ते एल-सिलेक्टिन चक्क कापून टाकतं आणि पेशीच्या आत साठवून ठेवलेलं सीडी११बी नावाचं दुसरं प्रोटीन पृष्ठभागावर येतं, ते भिंतीला घट्ट धरतं. माल तयारच असतो, म्हणून एवढं फास्ट.

सीडी६४ या तिसऱ्या प्रोटीनचं तसं नाही. निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिलवर ते जवळजवळ नसतंच, इंटरफेरॉन-गॅमा किंवा जी-सीएसएफ हे सायटोकाइन आलं की त्याचा जीन कामाला लागतो आणि काही तासांत ते वाढतं, मग अँटिबॉडी चिकटलेले जंतू पकडणं सोपं जातं. सेप्सिसचा, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा, अंदाज घ्यायला फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणाऱ्या मशीनवर, ते मोजतात ते यामुळेच.

आणि आयएल-१० हे सायटोकाइन ब्रेक लावतं. मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीवरचं एचएलए-डीआर, म्हणजे टी पेशींना जंतूचे तुकडे दाखवणारं प्रोटीन, त्यामुळे कमी होतं. सेप्सिसच्या पेशंटमध्ये ते बरेच दिवस खालीच राहिलं तर दुसऱ्या इन्फेक्शनचा धोका वाढतो. (‘इम्युनिटी बूस्टर’ विकणाऱ्यांना विचारा, नक्की काय बूस्ट करताय, अॅक्सिलरेटर की ब्रेक?)

२०२० मध्ये कोविडच्या पेशंटसाठी नातेवाईक टोसिलिझुमॅब शोधत मुंबईभर फिरत होते, आठवतंय? ते औषध आयएल-६ या सायटोकाइनचा रिसेप्टरच अडवतं, निरोप पोचतच नाही. पण लिव्हर सीआरपी, म्हणजे इन्फेक्शन किंवा सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन, बनवतं तेही मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून, त्यामुळे हे इंजेक्शन दिलेल्या पेशंटचा सीआरपी नॉर्मल आला तरी डॉक्टर इन्फेक्शन नाही असं धरून चालत नाहीत.