‘शाळा’ हा शब्द आला कुठून?

‘शाळा’ या शब्दात शिकण्याचा मागमूसही नाही. संस्कृत ‘शाला’ म्हणजे घर, दालन, छप्पर घातलेली जागा. अथर्ववेदातील शालासूक्तात (३.१२) जी शाला उभी राहते ते राहते घर आहे: खांब, त्यावर आडवा वंश (बांबूचा वासा) आणि वर गवताचे आच्छादन. छपराखाली काय चालते, हे समासातील पहिले पद सांगते. गाई असतील तर गोशाला, गाढवे असतील तर खरशाला. अशा ठिकाणी जन्मलेल्यांची नावे कशी होतात यासाठी व्याकरणकार पाणिनीने अष्टाध्यायीत सूत्रच दिले आहे (४.३.३५). आजीवक या प्राचीन श्रमण पंथाचा आचार्य मक्खली गोसाल याच्या नावाची फोडही परंपरेने गोठ्यातील जन्माशीच जोडली जाते. ‘शालीन’ हा शब्दही शालेवरूनच साधला आहे. त्याचा अर्थ पाणिनी ‘अधृष्ट’, म्हणजे धिटाई न करणारा, असा देतो.

पठण चालते ती पाठशाला. पुढे ‘शाला’ एकटीही विद्येच्या जागेसाठी पुरेशी ठरू लागली. विजापूर भागातील साळोटगी येथे इ.स. ९४५ चा शिलालेख आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा मंत्री नारायण याने तेथे शाला बांधली आणि देशोदेशीचे विद्यार्थी तेथे राहत. गावाच्या नावातला ‘साळ’ हा त्याच शालेचा अवशेष मानतात.

मराठीने असाच ‘पाठ’ गाळला आणि छप्पर ठेवले. गुजरातीतील ‘निशाळ’ मात्र ‘लेखशाला’वरून आली, तिथे लिहिणे झिजलेल्या रूपात का होईना, टिकले. अरबी ‘मकतब’ही मुळात लिहिण्याचीच जागा. इंग्रजी ‘स्कूल’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ होता मोकळा वेळ.

आता उच्चाराकडे. दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो: फल–फळ, माला–माळ. शब्द पूर्ण झिजला की ‘श’चा ‘स’ होतो आणि शेवटचा ‘आ’ गळतो. टंकशालेची टांकसाळ झाली ती अशी. ‘शाळा’ अर्ध्या वाटेवर थांबली: ‘ळ’ मराठीचा, ‘श’ आणि ‘आ’ संस्कृतचे. धर्मशाळा, वेधशाळा, कार्यशाळा यांतही हेच रूप दिसते, आणि त्यांपैकी वेधशाळेत वर्ग भरत नाहीत याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही, कारण ‘शाळा’चा जुना अर्थ तिथे शाबूत आहे.

लिहिताना घोटाळा होतो तो ‘ल’ आणि ‘ळ’ यांत. ‘शाळकरी’ आणि ‘शाळाबाह्य’ बरोबर, कारण त्यांत मराठी ‘शाळा’ आहे. ‘शालेय’, ‘शालान्त’, ‘प्रशाला’ हे संस्कृत घडणीचे, म्हणून ‘शाळेय’ चूक. ‘शालेय’ला एक जुना जुळा भाऊही आहे: पाणिनीच्या सूत्राने (५.२.२) ‘शालि’पासून होणारा ‘शालेय’ म्हणजे भाताचे शेत. याच शालीची मराठी साळ झाली. टांकसाळीतल्या साळीशी तिचा काहीच संबंध नाही.