डॉक्टरची घागर : खान्देशातल्या दिवंगत पशुवैद्यकांच्या आठवणीमागचा इतिहास

एप्रिलचा शेवटचा शनिवार म्हणजे जागतिक पशुवैद्यक दिन. आम्ही जुने-नवे पशुवैद्यक त्या दिवशी एकत्र जमतो. सकाळी कुत्र्यांना रेबीजची लस टोचायचं शिबिर, मग सभा. सभेच्या सुरुवातीला वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायची आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. यंदा यादी वाचायचं काम माझ्याकडे आलं. कागदावर प्रत्येकापुढे तीनच गोष्टी होत्या : नाव, बॅच, गाव. पस्तीस वर्षं गोठ्यागोठ्यात हात घालणाऱ्या माणसाची एवढीच नोंद वाचताना माझा आवाज अडकला. तेव्हापासून आपल्याकडे ही आठवण ठेवायची रीत आली कुठून आणि ती इतकी आटली कशी, याचा मी शोध घेतोय.

सुरुवात परळला होते. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचं बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं आणि 1886 मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. लष्करातला हा पशुवैद्य 1885 मध्ये ब्रह्मदेशात खेचरांच्या रोगाचा तपास करायला गेला होता. तिथे रक्तात त्याला जो सूक्ष्म जीव दिसला, तो त्याच्या आधी 1880 मध्ये डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स यांनी घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला होता. हाच जीव रोगाचं कारण आहे, हे इव्हान्स यांचं म्हणणं तेव्हा वरिष्ठांनी मानलं नव्हतं. स्टीलनं त्या जीवाला इव्हान्स यांचंच नाव दिलं. आजही सर्रा (हाच तो रोग) झालेल्या बैलाच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की आम्ही ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ असंच लिहितो. सहकाऱ्याचं नाव टिकवण्याची याहून मोठी रीत मला माहीत नाही. सभा नाही, हार नाही, रोज कामात येणारं नाव.

स्टील स्वतः 1891 मध्ये, चाळिशीही न गाठता, मुंबईतच गेला. इव्हान्स शंभरीला पोचून 1935 मध्ये वारले. स्टीलच्या स्मरणार्थ ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सचं स्मृतिपदक सुरू झालं. भिंतीवर तसबीर, गुणवंताला पदक, वाचनालयाला नाव ही महाविद्यालयांची आठवणीची पद्धत त्या काळातली. पुढे नागपूर (1958), परभणी (1972), उदगीर, शिरवळ अशी महाविद्यालयं निघाली, 2000 मध्ये ती सगळी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आली, आणि पद्धतही बरोबर आली. प्राध्यापक गेले की त्यांच्या नावाचं सुवर्णपदक निघतं. चांगलं आहे ते. पण त्या यादीत खान्देशचा तालुक्याचा डॉक्टर कधी बसत नाही, कारण त्यानं शिकवलं नाही, राबला.

आपल्या भागाची अडचण मुळातली आहे. 1906 मध्ये खान्देशचे पूर्व (आजचा जळगाव) आणि पश्चिम (धुळे) असे दोन जिल्हे झाले, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, पण पशुवैद्यकीय महाविद्यालय तिन्हींपैकी कुठेच नव्हतं. धुळ्याला कृषी महाविद्यालय 1960 पासून आहे. ढोरांचं शिकायचं तर घर सोडायचं. भुसावळला गाडीत बसून दादरला उतरायचं, तिथून पेटी घेऊन परळ. मीही तसाच गेलो. जुन्या पिढीतले लोक नावापुढे ‘जी.बी.व्ही.सी.’ लावायचे, म्हणजे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. शिक्षण एका गावी, नोकरी दुसऱ्या, देह तिसऱ्या. आठवणही तशीच तीन ठिकाणी विखुरली. कॉलेजला तो विद्यार्थी म्हणून आठवतो, खात्याला सेवापुस्तकातली नोंद म्हणून, आणि त्याचं खरं आयुष्य ज्या गोठ्यांत गेलं तिथे लिहून ठेवणारं कुणी नसतं.

पूर्वी बॅचमधला कुणी गेला की पोस्टकार्ड यायचं. वरचा कोपरा फाडलेला असायचा, वाचायच्या आधीच कळायचं. कार्ड लिहिणारा चार ओळी तरी स्वतःच्या मनानं लिहायचा : वसतिगृहात खोली कुठली होती, शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत काय झालं होतं. आता व्हॉट्सॲपवर फोटो येतो, खाली शंभर जण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात, आणि संध्याकाळपर्यंत तो वर सरकून जातो. करोनाच्या दोन वर्षांत तर एकाचं दुःख मावळायच्या आत दुसऱ्याचा फोटो येत होता. दवाखाने तेव्हाही चालू होते. गाय अडली तर ती लॉकडाऊन उठायची वाट बघत नाही.

या माणसांनी काय केलं, ते सांगितल्याशिवाय त्यांना आठवणं अपुरं वाटतं. बुळकांडी या गुरांच्या साथीचंच घ्या. आमच्या आजोबांच्या पिढीला या नावानं धडकी भरायची. आठवड्याभरात वाड्याच्या वाडा रिकामा व्हायचा. 1954 मध्ये देशभर निर्मूलन मोहीम सुरू झाली, 1995 नंतर भारतात रोग दिसला नाही, 2006 मध्ये देश मुक्त जाहीर झाला आणि 2011 मध्ये जग. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून घालवलेला हा दुसरा रोग. त्यासाठी बर्फाच्या थर्मासमध्ये लस घेऊन सातपुड्याच्या पाड्यांवर सायकलीनं आणि पायी गेलेले लोक याच खात्यातले. त्यातले बहुतेक आज नाहीत. ज्या रोगाला आजचा शेतकरी ओळखतही नाही, तो घालवणाऱ्यांना कोण ओळखणार?

आणि नवापूर. 18 फेब्रुवारी 2006 ला देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावी असल्याचं भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीवरून जाहीर झालं. कुक्कुटपालनावर उभं असलेलं गाव. राज्यभरातून पशुवैद्यकांची पथकं तिथे उतरली. पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख, गॉगल, मास्क, दुहेरी हातमोजे. आत घामाच्या धारा. रोज टॅमीफ्लूची गोळी घ्यायची आणि शेडमध्ये शिरायचं. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरायच्या, वर चुना टाकायचा. जीव वाचवायला शिकलेल्या माणसाला ते काम किती जड जातं, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. तिथे काम केलेला माझा एक मित्र मरेपर्यंत कोंबडीच्या शेडजवळून जाताना गाडीची काच वर करायचा. त्याच्या श्रद्धांजलीत नवापूरचा शब्दही नव्हता.

लम्पीच्या वेळी पुन्हा तेच. 2022 च्या साथीतला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण 4 ऑगस्टला रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. केळीच्या पट्ट्यातले दवाखाने त्या पावसाळ्यात झोपले नाहीत.

आणखी एक गोष्ट आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी विसरतो. दवाखाना म्हणजे एकटा पशुधन विकास अधिकारी नव्हे. पर्यवेक्षक असतो, व्रणोपचारक असतो, परिचर असतो. मारक्या बैलाला खोड्यात घालतो तो परिचर. पोटफुगीनं तडफडणाऱ्या म्हशीची डावी कूस दाबून धरतो, ‘साहेब, इथं’ म्हणतो, आणि मग मी ट्रोकार, म्हणजे पोटातला वायू काढायची जाड सुई, मारतो. पहिल्या वर्षी मला बोटं कुठे ठेवायची ते पुस्तकानं नव्हे, एका व्रणोपचारकानं शिकवलं. कॉलेजातही तसंच : जनावरं सांभाळणारे, शवविच्छेदनाचं टेबल धुणारे. त्यांची बॅच नसते, म्हणून त्यांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही.

सरकारी कागदाचा तर न्यायच वेगळा. व्यवसायाच्या नोंदवहीत जिवंत असेपर्यंत नाव. माणूस गेला की ते कमी होतं. ते तसंच असायला हवं, कारण ती वही उपचार कुणी करावेत हे सांगणारी आहे. पण मग दुसरी वही आपली आपण ठेवायला हवी होती. खान्देशला हे नवं नाही. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात गेले, आणि 1927 मध्ये धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. पुतळा नंतर, आधी त्यांचे कागद, दप्तरं, पोथ्या सांभाळल्या.

आता सावद्याला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालंय. चिनावल तिथून जवळच. तिथे पहिली बॅच येईल तेव्हा भिंती कोऱ्या असतील. माझं म्हणणं एवढंच आहे की तसबिरी लावायच्या आधी एक वही ठेवा. गेलेल्या प्रत्येकामागे एक पान : कुठल्या दवाखान्यांत होता, कुठली साथ पाहिली, कुठलं हत्यार त्याच्या हातात बसलेलं होतं, कुणाला काय शिकवून गेला. अधिकारी आणि परिचर एकाच वहीत. घरच्यांकडे जाऊन विचारा. अजून सांगणारे आहेत. यंदाच्या यादीतल्या नावांची पानं मी लिहायला घेतलीत.

त्यासाठीच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेर तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. आपल्याकडे आखाजी पितरांची. मातीची नवी घागर भरायची, तोंडावर डांगर (खरबूज) आणि सांजोरी ठेवायची, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची. आमच्या सहकाऱ्यानं त्या गावात अकरा वर्षं काढली होती. ज्या घरी बसलो तिथल्या म्हातारीनं ओट्यावर मांडलेल्या घागरी दाखवल्या. एक सासऱ्यांची, एक नवऱ्याची. तिसरी जरा बाजूला, दावणीच्या अंगाला होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘हाई डाक्टरनी.’ म्हणजे, ही डॉक्टरची. मग गाय कशी अडली होती, किती वाजता तो आला, कंदील कुणी धरला होता, ते सगळं तिनं सांगितलं. मी वही काढली आणि लिहून घेऊ लागलो.