नूट रॉक्नी: एका पासपासून एका सेकंदापर्यंत

फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकणं, अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू आणि प्रशिक्षक नूट रॉक्नीने शोधला, असं आजही सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे, आणि त्याने खरं केलेलं काम त्यामुळे झाकलं जातं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पुढे फेकायला १९०६ साली परवानगी मिळाली. आदल्या हंगामात घोळक्याने धडका मारण्याच्या पद्धतीत खेळाडू दगावले होते, म्हणून. पण अटी जाचक होत्या: पास कोणाचाही स्पर्श न होता जमिनीवर पडला, तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याकडे जायचा. पुढे पासच्या लांबीवर वीस यार्डांची मर्यादा आली. ती १९१२मध्ये उठली आणि लांब पास परवडू लागला.

रॉक्नीचा जन्म १८८८चा, नॉर्वेतल्या वॉसचा. पाच वर्षांचा असताना शिकागोत आला, तिथल्या टपाल खात्यात नोकरी केली आणि बाविसाव्या वर्षी नोटर डेम विद्यापीठात दाखल झाला. तो ‘एंड’ म्हणून, म्हणजे फळीच्या टोकाला खेळायचा. १९१३च्या उन्हाळ्यात ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या किनाऱ्यावर तो आणि क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, गस डोराइस पासचा सराव करत राहिले. तेव्हा पास घेणारा बहुधा थांबून चेंडू पोटाशी कवटाळायचा. रॉक्नीने धावता धावता, बोटं सैल ठेवून, चेंडूसोबत हात मागे घेत झेलायची सवय लावली. हात ताठ राहिले तर चेंडू उसळतो आणि थांबलं तर बचावपटू गाठतो. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंटला नोटर डेमने अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाला ३५-१३ असं हरवलं. रॉक्नी सांगायचा, की सुरुवातीला आपण लंगडण्याचं सोंग केलं. बचावपटू गाफील झाला आणि मग आपण सुसाट सुटलो.

पदवीनंतर तो नोटर डेममध्येच रसायनशास्त्र शिकवू लागला, जेस हार्पर यांच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक झाला आणि १९१८मध्ये मुख्य प्रशिक्षक.

त्याचं खरं हत्यार होतं ‘शिफ्ट’. मागचे चौघे आधी इंग्रजी टी अक्षरासारखे उभे राहायचे, इशारा होताच एका लयीत उडी घेत चौकोन करायचे आणि पाय टेकताक्षणी चेंडू सुटायचा. समोरच्या फळीला सरकायला उसंतच नसे. एकाचा पाय जरी उशिरा पडला तरी सगळी चाल फसे, म्हणून सराव मुख्यतः पावलांचा. १९२७मध्ये नियम आला: शिफ्टनंतर पूर्ण एक सेकंद थांबायचं. रॉक्नीचा त्याला विरोध होता, आणि तो मला रास्त वाटतो, कारण त्या एका सेकंदात बचाव सावरतो. तरीही १९२९ आणि १९३०मध्ये त्याचा संघ अपराजित राहिला. १९२९चे काही सामने तर त्याने पायातल्या रक्ताच्या गाठीमुळे चाकांच्या खुर्चीतून चालवले. तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी.

३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमधल्या बझारजवळ तो बसलेलं फॉकर कंपनीचं विमान कोसळलं. विमानातले आठही जण गेले. पंख लाकडी होता. आत ओल शिरून सरसाचे जोड सुटले होते, आणि प्लायवूड उघडल्याशिवाय ते दिसण्यासारखं नव्हतं. या जातीच्या विमानांचे पंख उघडून तपासायचा आदेश निघाला. ते इतकं खर्चिक ठरलं, की विमान कंपन्या धातूच्या विमानांकडे वळल्या.