बंद घंटा, ओवी आणि विसव: गोव्यातील ख्रिस्ती सांत्वनाची पार्श्वभूमी

१५४३ सालच्या पावसाळ्यात गोव्यात मोडशीची, म्हणजे पटकीची (कॉलराची) साथ पसरली. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत गार पडायचा. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोरेया याने या रोगाची नोंद करताना इथल्या लोकांच्या तोंडचाच शब्द उचलला. (त्याचे पुढे पोर्तुगिजांनी ‘मोर्देशीं’ केले आणि फ्रेंचांनी तर ‘मोर द शियाँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण! मराठी मोडशीची एवढी वाताहत क्वचितच कुठे झाली असेल.) रोज इतके मृतदेह पुरावे लागत होते, की मेलेल्यांसाठी चर्चची घंटा वाजवू नये असा हुकूम गव्हर्नर मार्तीं आफोंसो द सौझा याला काढावा लागला. ऐकणाऱ्यांचा धीर सुटत होता.

गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाने दुःखाच्या वेळी श्रद्धेचा आधार कसा घेतला, हे सांगायला मला या मुक्या घंटेपासून सुरुवात करावीशी वाटते. मृत्यूची घंटा म्हणजे नुसती बातमी नसते. ऐकणाऱ्याने हातातले काम थांबवावे आणि गेलेल्या जिवासाठी प्रार्थना म्हणावी, असा तो निरोप असतो. कॅथलिक श्रद्धेनुसार पूर्ण शुद्ध न झालेले आत्मे स्वर्गात जाण्याआधी शुद्धिस्थानात थांबतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग होतो. युरोपात प्रोटेस्टंटांनी ही समजूत झिडकारली, तेव्हा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ती पुन्हा ठासून मांडली. गोव्यात जो ख्रिस्ती धर्म रुजला, तो याच ट्रेंटच्या वळणाचा. म्हणजे माणूस गेला तरी त्याच्यासाठी करण्यासारखे काही उरते. श्राद्ध-तर्पणाच्या संस्कारातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, किंवा खरे तर बाहेर काढल्या गेलेल्या, घरांना ही गोष्ट परकी वाटली नसावी. शोकात रिकामे हात फार छळतात.

साथीच्या आदल्याच वर्षी, ६ मे १५४२ रोजी, धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला होता. तो राहिला इस्पितळात. तिथे रुग्णांची सेवा करायची आणि मग हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून मुलांना, गुलामांना धर्मशिक्षणासाठी हाका मारत हिंडायचे, हा त्याचा क्रम. शहरात ‘मिझेरिकोर्दिया’ ही संस्थाही काम करत होती. मूळ संस्था लिस्बनमध्ये १४९८ साली निघालेली. दयेची चौदा कामे हे तिच्या सभासदांचे व्रत आणि त्यांत मृतांना मूठमाती देणे आणि दुःखितांचे सांत्वन करणे ही दोन्ही येतात. बेवारशी मृतदेह पुरणे, फाशी जाणाऱ्याच्या सोबत शेवटपर्यंत चालणे, विधवा-अनाथांकडे बघणे असे तिचे काम असे. पण ही दया आधी पोर्तुगिजांची आणि पोर्तुगिजांसाठी. गोव्याच्या साष्टी-बारदेश या तालुक्यांच्या खेड्यांतला नवा ख्रिस्ती तिच्या पंखाखाली आपोआप येत नव्हता.

त्याची अडचण वेगळीच होती. विधी लॅटिनमध्ये चालत. अंत्यसंस्काराच्या मीसमध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) गायले जाणारे ‘दीएस ईरे’ हे कोपाच्या दिवसाचे, शेवटच्या न्यायाचे गीत. पाद्रीच्या अंगावर काळी वस्त्रे. त्यातून भीती कळायची, शब्द कळत नसत. ज्या भाषेत आजी रडायची ती भाषा वेदीपाशी पोचतच नव्हती.

ती पोचवली एका इंग्रजाने. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला, त्यातला बराच काळ साष्टीत. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापले गेले. लिपी रोमन, भाषा मराठी, मधूनमधून कोंकणी शब्द आणि छंद ओवीचा. सुमारे अकरा हजार ओव्या! आमची जुनी पुराणे काढून घेतलीत, मग आम्ही वाचायचे काय, या नवख्रिस्त्यांच्या गाऱ्हाण्यातून ग्रंथाचा उगम झाल्याचे पुराणातच सूचित केले आहे. मराठी वाचक स्टीफन्सला ओळखतो तो भाषेची थोरवी गाणाऱ्या चार ओळींमुळे. मला मात्र क्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागातला, ‘दुसऱ्या पुराणा’तला ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. चर्चमध्ये हे गाऊन वाचले जाई. ज्या छंदात बायका जात्यावर सासरचे दुःख सांगत, त्याच छंदात आता मुलगा गमावलेल्या मरियेची कथा ऐकू येऊ लागली. शोक करणारे धन्य, कारण त्यांचे सांत्वन होईल, हे वचन अशा कानांवर पडण्यासाठी आधी दुःखाला आपल्या भाषेत जागा मिळावी लागते.

ही जागा फार काळ टिकू दिली नाही. १६८४ मध्ये कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा फतवा निघाला. १५६० पासून बसलेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या जाहीरनाम्यात लग्नातल्या ओव्यांपासून मृत्यूनंतरच्या रिवाजांपर्यंत कितीतरी घरगुती प्रथांवर बोट ठेवले. जो धर्म सांत्वन देत होता, त्याच्याच नावाने सांत्वनाच्या जुन्या वाटा बुजवल्या गेल्या. गोव्याबद्दल लिहिताना हे वाक्य गाळून पुढे जाता येत नाही.

तरी माणसे वाटा काढतातच. पितरांच्या नावाने जेवण घालण्याची सवय ‘भिकऱ्यांच्या जेवणा’त शिल्लक राहिली. घरात लग्न निघाले की आधी घरातल्या मृतांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना पंगतीला बसवायचे. वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लदाईन ही सामूहिक प्रार्थना होते, तिच्यात जिवंतांच्या नवसाबरोबर मेलेल्यांचीही आठवण असते. गावच्या चर्चशाळेत मेस्ताकडे, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकाकडे, सोल्फा (स्वरलेखन) आणि व्हायोलिन शिकलेली मुले मोठेपणी अंत्ययात्रेत शोकधून वाजवू लागली. ईस्टरआधीच्या उपासकाळातील मोतेत, म्हणजे भक्तिगीते, ऐकली की कळते, पाश्चात्त्य सुरावटीतून गोवेकराने आपला गळा कसा मोकळा केला ते.

आणि कोन्फ्रारिया. लाल-पांढरा ओपमूस, म्हणजे झगा, घातलेले हे बंधुमंडळ प्रेतामागून चालते. सभासद मेला की त्याला खांदा मिळणार आणि त्याच्यासाठी मीस होणार, याची ही एका अर्थी हमीच. पण बऱ्याच गावांत कोन्फ्रारिया जातीवर ठरत. ब्राह्मण आणि चार्दो या वरच्या जातींची वेगळी, शूद्रांची वेगळी, ओपमुसाचे रंगही वेगळे. या भेदावरून कज्जे झाले आहेत. ख्रिस्तापाशी सगळे सारखे हे ज्या दिवशी सर्वांत जास्त पटायला हवे, त्या दिवशीही कोण कुठल्या रंगात चालतो हे गाव पाहत असे.

घर सोडून गेलेल्यांचे दुःख आणखी निराळे. एकोणिसाव्या शतकापासून गोव्याचे तरुण बोटींवर, मुंबईत, आफ्रिकेत गेले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या कूडी, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांच्या राहण्याच्या जागा, उभ्या राहिल्या. एका खोलीत रांगेने पेट्या, भिंतीशी आल्तार (वेदी) आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. समुद्रावर गेलेल्याचा देह गावी येत नसे. अशा वेळी त्याच्या नावाचे मीस हाच अंत्यविधी आणि त्यासाठी जमलेले गाव हीच अंत्ययात्रा.

विसाव्या शतकातला मोठा बदल रोममधून आला. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ चालली. तिने लोकभाषेला उपासनेत मुभा दिली आणि १९६९ च्या नव्या अंत्यविधीने भयाऐवजी पुनरुत्थानाच्या आशेवर भर दिला. ‘दीएस ईरे’ मागे पडले, काळ्या वस्त्रांच्या जागी जांभळी-पांढरी दिसू लागली. गोवा मुक्त होऊन जेमतेम काही वर्षे झाली होती. त्याच सुमारास चर्चच्या वेदीवरून कोंकणी ऐकू येऊ लागली. मृतासाठीच्या ‘रेक्वियेम एतेर्नाम’ या लॅटिन प्रार्थनेचे कोंकणी रूप आहे ‘सासणाचो विसव’. सासण म्हणजे शाश्वत आणि विसव म्हणजे आपला विसावा. स्टीफन्सच्या काळी ओवीतून जे वेदीपाशी पोचले होते, ते साडेतीनशे वर्षांनी खुद्द विधीत आले.

गोव्यातल्या मराठी घरांना यातले बरेच काही शेजाराने माहीत असते. मराठी पेपरात बाराव्याची सूचना असते, इंग्रजी पेपरात महिन्याच्या मीसची, आणि दोन्हीकडे जाणारी माणसे पुष्कळदा तीच. आमच्या वाड्यावर कुणी गेले की माझी आई कॉफीची किटली घेऊन त्या घरी जायची आणि तेर्स संपेपर्यंत बाल्कांवात (पुढच्या ओसरीत) बसायची. तिथे बोलणे फार नसे. पहिले काही दिवस त्या घरात चूल पेटवू द्यायची नाही, एवढे तिला ठाऊक होते.

२०२१ च्या मे महिन्यात शेजारची आजी गेली. मीस मोबाईलवर झाले. दफनाला घरची मोजकी माणसे होती आणि कोन्फ्रारियातले कुणी आले नाही. आई खिडकीशी उभी होती. दूरवर घंटा मात्र वाजली. पुढच्या वर्षी स्मरणदिनाला त्या घराने सगळ्या वाड्याला बोलावले, खुरसावर हार घातला, पंगत बसवली. लदाईनीला उशीर झाला, कारण येणारे संपतच नव्हते आणि आजीच्या मुलाचे म्हणणे होते, सगळे आल्याशिवाय सुरू करायचे नाही.