टार्डिग्रेडची नवी जाती : ओळख व वर्णन

टार्डिग्रेड हा आठ पायांचा, बहुधा अर्धा मिलिमीटरही न भरणारा प्राणी. योहान गोझे यांनी १७७३ मध्ये त्याला ‘छोटे पाणअस्वल’ म्हटले. तेराशेहून अधिक जाती ज्ञात असल्या, तरी नवीन जाती सापडतच असतात. सापडणे सोपे, सिद्ध करणे जिकिरीचे.

साताऱ्याजवळ कास, चाळकेवाडी या पठारांच्या जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळी पसरते आणि उन्हाळ्यात करपून जाते. टार्डिग्रेडला त्याचे काही वाटत नाही. तो पाय आत ओढून, पिंपासारखा आकसून पडून राहतो. त्यामुळे एप्रिलमधला नमुनाही चालतो; मात्र तो कागदी पाकिटात ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. मसाल्यातल्या दगडफुलासारख्या शैवाकांवरही हे प्राणी राहतात. (कासला वनखात्याची परवानगी आधी काढावी.) नमुना काही तास पाण्यात भिजवून पिळतात व खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

जाती ठरते ती नख्या, मुखनलिका, घशातील कठीण कणिका आणि त्वचेवरील नक्षी यांच्या मापांवरून. मॅक्रोबायोटस या प्रजातीतील (जीनस, म्हणजे अनेक जातींचा गट) बरेच प्रौढ मात्र एकमेकांसारखेच दिसतात. तिथे निकाल लागतो अंड्यांच्या कवचावरील उंचवट्यांवरून. अंडे नसेल तर नाव देण्याची घाई न केलेली बरी. जपानमध्ये वाहनतळावरील शेवाळीत सापडलेला मॅक्रोबायोटस शोनायकस २०१८ मध्ये वर्णिला गेला, तोही प्रयोगशाळेत वाढवून अंडी मिळाल्यावर. आता सीओआय, १८ एस यांसारख्या जनुकांच्या डीएनए-क्रमाची जोडही अपेक्षित असते. मिल्नेशियम टार्डिग्रेडम या टार्डिग्रेड जातीचे नाव १८४० चे. जगभरच्या नमुन्यांना ते सर्रास चिकटवले गेले. २०१२ मध्ये त्या जातीचे काटेकोर पुनर्वर्णन झाले आणि असंख्य जुन्या नोंदी संशयास्पद ठरल्या.

वर्णनात एक नमुना नामधारक (होलोटाइप) ठरवून त्याचे स्थळ, उंची व अधिवास नोंदवतात. नाव स्थळावरूनही देता येते: चाळकेवाडीच्या पालीचे २००८ मधील हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस किंवा वायतुरा या वनस्पतीचे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस तसेच पडले. भारतात जैविक विविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीचा नमुना नियुक्त भांडारात ठेवावा लागतो. नमुना काचपट्टीवर बसवण्यासाठी वापरलेला हॉयर द्रव कालांतराने सुकून तडकतो, म्हणून झाकणकाचेच्या कडा नेलपॉलिशने बंद करतात.