बुडालेलं जहाज आणि मासे: कृत्रिम भित्तिकांची पार्श्वभूमी
सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका 'गुलदार' बुडवायची योजना आली, तेव्हा गाजलं ते पाण्याखालचं संग्रहालय. त्याच बेतातली कृत्रिम भित्तिका, म्हणजे माशांना आसरा मिळावा म्हणून माणसानं समुद्राच्या तळाला ठेवलेली टणक रचना, मात्र बातमीत शेपटासारखी मागे राहिली. खरं तर जुनी गोष्ट तीच आहे.

बुडालेल्या जहाजावर मासे गोळा होतात, हे मच्छीमाराला कुणी शिकवावं लागत नाही. जपानमध्ये आवाजी बेटाच्या मच्छीमारांना अठराव्या शतकाच्या अखेरीस एका बुडालेल्या जहाजापाशी भरघोस मासळी लागायची. पुढे ते जहाज कुजून गेलं. तेव्हा त्यांनी लाकडाचे मोठे सांगाडे केले, त्यात बांबू खोचले आणि वजन बांधून ते तळाला सोडले. मासे परत आले. प्रयोगशाळा वगैरे नंतरच्या.

यामागचं कारण साधं आहे. सपाट वाळूवर माशाला आडोसा नसतो. तिथं टणक काही पडलं की त्यावर आधी शेवाळ धरतं, मग कालवं-शिणाणे असे शिंपले चिकटतात, फटींत खेकडे आणि बारकी मासळी शिरते. तिच्या मागून गोबरा, तांबोशी असे मोठे मासे येतात.

पण काहीही टाकून चालत नाही. १९७२ मध्ये फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलसमोर जुने टायर टाकायला सुरुवात झाली. मुहूर्ताला टायर कंपनीच्या फुग्यासारख्या हवाई जहाजातून सोनेरी रंगाचा टायर सोडला होता! एकूण टायर गेले वीस लाखांच्या घरात. बांधलेले पट्टे तुटले, टायर सुटले आणि वादळात शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आपटू लागले. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे ते वर काढू लागले.

आपल्याकडचा धडा केरळचा. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांनी जेरीस आणलेल्या तिरुवनंतपुरमच्या गळवाल्या मच्छीमारांनी १९८०च्या दशकात दगड, माडाचे बुंधे, काँक्रीटच्या रिंगा स्वतःच समुद्रात सोडल्या. माशांना घर झालं आणि ट्रॉलरला खोडा, कारण जाळं अडकून फाटायची भीती. हा दुसरा फायदा सरकारी कागदांत फारसा येत नाही, मला तोच मोठा वाटतो. त्याच जिल्ह्यात २०२३ मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून ४२ ठिकाणी प्रत्येकी १५० काँक्रीटचे सांगाडे सोडण्याचं काम सुरू झालं: त्रिकोणी, फुलाच्या आकाराचे आणि विहिरीच्या कड्यासारखे.

भित्तिकेवर मासे वाढतात की आजूबाजूचे नुसते एकत्र येतात, हा शास्त्रज्ञांचा जुना वाद आहे. नुसते एकत्र येत असतील तर भित्तिका म्हणजे मासे सहज उपसण्याची जागा. म्हणून तिथं कुणी, किती आणि कशानं पकडायचं हे आधी ठरवावं लागतं.

'गुलदार' १९८५ मध्ये नौदलात आली, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. लांबी सुमारे ८४ मीटर. असं जहाज तळाला जाण्याआधी त्यातलं तेल, वायरी, विषारी रंग असं सगळं काढून ते धुऊनपुसून घ्यावं लागतं. टायरांची गोष्ट ठाऊक असलेला माणूस त्या साफसफाईची यादी आधी मागेल.